विंडोज रोज सकाळी आजारी पडायचं

"पवारभाई, आपका विंडोज फिर बीमार पड़ा है. आके देख जाओ."

फोनवर देसाई मास्तर होते, कापड रंगवणाऱ्या एका मिलचे रंगमास्तर. आवाजात काळजी कमी आणि समाधान जास्त. नव्या सुनेच्या हातून दूध उतू गेलं की सासूबाई जशा शांतपणे सांगतात ना, अगदी तसं. मी स्कूटरला किक मारली आणि पांडेसऱ्याकडे निघालो. त्या दिवसांत त्या मिलमध्ये माझ्या इतक्या चकरा झाल्या होत्या की गेटवरचा वॉचमन नावसुद्धा विचारत नसे. नुसतं "लॅब?" म्हणायचा आणि फाटक उघडायचा.

मी तेव्हा सुरतमध्ये कॉम्प्युटर सर्व्हिसिंग करायचो. मूळचा अमळनेरचा. डिप्लोमा झाल्यावर मामांच्या ओळखीने सुरतला आलो आणि इथलाच झालो. उधना, पांडेसरा, सचिन हा माझा एरिया. विंडोज ९५ नवीन होतं आणि माझी निम्मी नोकरी लोकांना ते घ्यायला लावण्यात जायची. सगळीकडे एकच सवाल: "जुनं चालतंय ना? मग कशाला हात लावता?" खरं सांगायचं तर या सवालाला दर वेळी माझ्याकडे चांगलं उत्तर असायचंच असं नाही.

या मिलमध्ये मात्र होतं. मिल डाइंगची. पॉलिस्टर साडीचं कापड इथे रंगायचं. पार्टी, म्हणजे माल देणारा व्यापारी, रंगाचा एक तुकडा पाठवतो आणि म्हणतो, हाच शेड पाहिजे. तो शेड मिळवायला कोणता रंग किती घालायचा, त्या हिशेबाला लॅबमध्ये रेसिपी म्हणतात. पूर्वी हे सगळं मास्तरच्या डोळ्यांवर चालायचं. मग मिलने स्पेक्ट्रो घेतला. हे एक पेटीएवढं यंत्र. त्याच्या तोंडाशी तुकडा धरला की ते प्रकाश टाकून रंग मोजतं आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर रेसिपी सांगतो. हा कॉम्प्युटर डॉसवर चालायचा. डॉस म्हणजे काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसबिऊस काही नाही. स्पेक्ट्रोवाल्यांनी कळवलं की यापुढचा प्रोग्रॅम फक्त विंडोज ९५ वर येईल, जुना बिघडला तर आमच्याकडे येऊ नका.

ते पत्र लॅबमध्ये नीट वाचलं एकट्या उज्ज्वलाने. उज्ज्वला सोनवणे, सुरतमधल्या लिंबायतची. वडील हिंमतराव धरणगावकडून लूमवर काम करायला आले ते पुढे याच मिलमध्ये कापड रंगवणाऱ्या जेट मशीनवर लागले. मुलीने बी.एस्सी. केमिस्ट्री केलं. त्यांच्या गल्लीत लूमवर जाणारी पोरं होती, साड्यांना घडी घालायला फोल्डिंगमध्ये जाणाऱ्या बाया होत्या. लॅबमध्ये खुर्चीवर बसून काम करणारी ही एकटीच. तिने धीर करून भावेशभाईंना सांगितलं की विंडोज घ्यावंच लागेल. भावेशभाई म्हणजे छोटे शेठ. त्यांना नवीन गोष्टींची आवड होती. ते तयार झाले.

मास्तर तयार नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं.

"देखो पवारभाई, डॉस में क्या है? खोलो, काम करो, बंद. इसमें पहले फोटो आता है, फिर घड़ी आती है, फिर कबूतर जैसा तीर उड़ता है. काम कब आता है?"

"आएगा मास्तर. आदत हो जाएगी."

"आदत तो बीड़ी की भी हो जाती है."

मास्तरांचा मी राग कधीच केला नाही. खिडकीशी उभं राहून दोन तुकडे उजेडात तिरके धरायचे आणि "थोड़ा पीला कम" असं म्हणायचे, ते बहुतेक बरोबरच असायचं. माणूस वाईट नव्हता. नवीन वस्तूला आधी नावं ठेवायची आणि मग तीच वापरायची, ही सुरतेची रीत. स्कूटर आली तेव्हाही लोकांनी सायकलचीच बाजू घेतली असणार.

विंडोज टाकून मी घरी आलो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला फोन आला. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की निळा पडदा येतो, इंग्रजीत काहीतरी ओरडतो आणि बराच वेळ स्वतःचीच तपासणी करत बसतो. मी गेलो, पाहिलं. तो निळा पडदा काय सांगत होता ते मला माहीत होतं: मला काल नीट बंद केलं नव्हतं, म्हणून आज मी माझी डिस्क तपासतो आहे.

इथे थोडं समजावतो. डॉस म्हणजे कुलूप नसलेली टपरी, केव्हाही उठून जा. विंडोजचं तसं नाही. ते दिवसभर बरीच कामं अर्धवट हातात धरून ठेवतं आणि बंद करताना एकेक जागेवर ठेवतं. म्हणून त्याला "आता बंद हो" असं सांगावं लागतं. मग ते पसारा आवरतं आणि शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत लिहितं की आता बटण बंद केलं तरी हरकत नाही. त्याआधीच वीज गेली तर हातातलं हातातच राहतं. एखाद वेळी काही होत नाही. रोज झालं तर एक दिवस काहीतरी मोडतं.

मी उज्ज्वलाला विचारलं, "बंद कोण करतं?"

"मी साडेपाचला निघते, भाऊ. माझ्यानंतर मास्तर रात्रपाळीच्या रेसिपी काढतात. बंद कसं करायचं ते मी त्यांना दाखवलंय."

मास्तरांना विचारलं.

"मैं स्विच को हाथ भी नहीं लगाता," मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले. "माँ कसम."

म्हणजे वीजच जात असणार. पांडेसऱ्यात व्होल्टेजचा नेम नव्हताच. मी नवीन स्टॅबिलायझर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळा पडदा. प्लग ढिला असेल म्हणून बोर्ड बदलला. मग मेमरीची पट्टी काढून रबराने घासून बसवली. हा आमच्या धंद्यातला रामबाण इलाज, गिऱ्हाइकालाही काहीतरी घडतंय असं वाटतं. मग व्हायरस शोधला. शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. दिवसभर मशीन घड्याळासारखं चालायचं. मी समोर असताना तर कधीच रुसलं नाही. सकाळ झाली की आजारी.

मास्तरांनी तोवर अख्ख्या ऑफिसला सांगून टाकलं होतं की नवीन सिस्टिम नाजूक आहे, तिला पांडेसऱ्याची हवा मानवत नाही. अकाउंट्सच्या लोकांनी आपल्या खोलीच्या दारातूनच मला सांगितलं, "हमारे यहाँ मत आना भाई, हमारा डॉस तंदुरुस्त है."

इथपर्यंत हा सगळा हसण्यावारी न्यायचा प्रकार होता. मग एक दिवस रेसिपीची फाइलच उघडेना.

विंडोज टाकल्यापासूनच्या सगळ्या रेसिपी त्यात होत्या. एका पार्टीची मेंदी रंगाची रिपीट ऑर्डर आली होती, म्हणजे मागच्या वेळचाच शेड पुन्हा पाहिजे. कापड जेटमध्ये भरायला तयार आणि रेसिपी गायब. मास्तरांनी अंदाजाने रेसिपी दिली. शेड थोडा उन्नीस-बीस आला. साडीच्या धंद्यात उन्नीस-बीस म्हणजे पार्टी माल उचलत नाही. लॉट पुन्हा रंगवावा लागला.

आता गोष्ट मोट्या शेठपर्यंत गेली. मोटा शेठ म्हणजे भावेशभाईंचे वडील, रमणकाका. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात चामड्याच्या चपला, आवाज कधी वर जात नाही. त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी टूलकिट हातात घेऊन मागे उभा.

"पहले ऐसा होता था?" रमणकाकांनी विचारलं.

"डॉस में कभी नहीं," मास्तर म्हणाले.

"मशीन पर कौन बैठता है?"

सगळ्यांच्या नजरा उज्ज्वलाकडे गेल्या. तिनेच विंडोज मागितलं, तीच दिवसभर माऊस फिरवते, मग दोष आणखी कोणाचा? न बोलता निकाल लागला.

"शनिवार तक देखो," रमणकाका म्हणाले. "ठीक नहीं हुआ तो पुराना वापस डालो. और इस बेन को फोल्डिंग में भेज दो. वहाँ काम बहुत है."

उज्ज्वला खाली मान घालून उभी होती. तिचे कान लाल झाले होते. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, पण राग नेमका कोणावर काढायचा ते कळेना. विंडोज मी टाकलं होतं. आजार मला सापडत नव्हता. आणि शिक्षा हिला.

बाहेर आलो तर जिन्यापाशी हिंमतराव उभे. जेट खात्यातून तसेच आलेले, अंगावर रंगाचे डाग, कपाळावर घाम. बातमी मशीनवर आधी पोचते.

"पवार भाऊ, पोरनी काही चुकी शे का? खरं सांगा."

"नाही हो हिंमतभाऊ. तिची काही चूक नाही."

"मंग शेठले सांगा ना तसं."

"सांगतो. आधी चूक कुठे आहे ती तर सापडू द्या."

ते मान हलवून परत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यावर विश्वास बसल्याची काही खूण नव्हती. त्यांचंही बरोबरच होतं.

त्या दिवशी मी ठरवलं की आज इथून हलायचं नाही. इतके दिवस मी सकाळी येत होतो, म्हणजे आजार होऊन गेल्यावर. उज्ज्वलालाही थांबायला सांगितलं. मास्तरांनी त्यांच्या रेसिपी काढल्या, प्रोग्रॅम तसाच उघडा ठेवला, हात धुतले, खिडकी लावली आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती ओवाळली.

"मास्तर, कॉम्प्युटर बंद नाही करणार?"

"वो तो हो जाता है."

"अपने आप?"

"अपने आप क्या? दीया-बत्ती का टाइम हुआ ना."

मला काही बोध झाला नाही. मी लॅबच्या दारात उभा राहिलो. समोर जिना, जिन्याखाली भिंतीवर लोखंडी पेटी. त्या पेटीत मेन स्विच. ऑफिस, लॅब, फोल्डिंग आणि कापडाचं गोदाम या सगळ्यांची वीज या एका मेनवर. मशीनांची लाइन वेगळी, ती चोवीस तास चालू.

केबिनचं दार उघडलं. रमणकाका बाहेर आले. सावकाश जिना उतरले. पेटीसमोर चपला काढल्या. डोळे मिटून हात जोडले. मग पेटी उघडली आणि दांडा खाली ओढला.

खटकन आवाज झाला. ऑफिस अंधारलं, गोदाम अंधारलं, आणि माझ्या पाठीमागे लॅबमधला पडदा एका टिंबाएवढा होऊन विझला. रमणकाकांनी पेटीला हात लावून तो कपाळाला लावला, चपला घातल्या आणि गाडीकडे गेले. मास्तर त्यांच्या मागे. रोजचंच असल्यासारखं सगळं. रोजचंच होतं.

मी भावेशभाईंना पार्किंगमध्ये गाठलं. सांगितलं. ते गाडीच्या दाराला हात लावून उभेच राहिले.

"ये तो मेरे दिमाग में ही नहीं आया," ते म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. मिलच्या आधी त्यांचं मार्केटमध्ये कापडाचं दुकान होतं. एका रात्री वायर जळली आणि सकाळी दुकानाच्या जागी राख होती. माणूस कोणी गेलं नाही, एवढंच नशीब. तेव्हापासून रमणकाका कापडाच्या गोदामाचा मेन स्वतःच्या हाताने बंद करूनच घरी जातात. लग्न असो, ताप असो, बाहेरगावहून उशिरा येणं असो. "उस मेन को मैं भी हाथ नहीं लगाता, पवारभाई. किसी की हिम्मत नहीं."

"पर बोलना तो पड़ेगा."

"ऐसा करो ना, बोल दो कि व्होल्टेज का प्रॉब्लेम था. यूपीएस लगा दो."

यूपीएस म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारी पेटी. मी म्हटलं, बॅटरी संपली की पुन्हा तेच होणार. आणि बंद खोलीत, गोदामाला लागून, काहीतरी चालू राहिलंय हे काकांना कळलं तर पहिली ती पेटी बाहेर जाईल आणि तिच्यामागे मी. भावेशभाईंनी खांदे उडवले. "फिर आप ही बोलो," म्हणाले आणि गाडीत बसले. मुलगा असून काढता पाय घेतला.

मी परत आलो तेव्हा उज्ज्वला गेटजवळ उभी होती. तिला म्हटलं, "सापडलं. मेन स्विच."

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता. तो निळा पडदा काय सांगतो ते मीसुद्धा वाचलं होतं ना. आणि शेठ रोज मेन ओढतात हे इथे सगळ्यांना ठाऊक. तुम्हाला सांगितलं असतं तर शेठनी तुम्हाला विचारलं असतं, कोणी सांगितलं. मग नाव माझंच आलं असतं." आणि मग ती घरच्या बोलीत आली. "भाऊ, मन्हा बाप आठेच जेटवर शे. मोटा शेठले मी सांगू का, तुम्हना हातमुळे बिघडस म्हनीसन?"

बाप इथेच कामाला, आणि हिने मोट्या शेठला सांगायचं की तुमच्याच हातामुळे बिघडतं! मी मेमरीच्या पट्ट्या घासत होतो तेव्हा ही शेजारी उभी राहून मला स्क्रू हातात देत होती. तिच्या जागी मी असतो तरी कदाचित तोंड उघडलं नसतं. फोल्डिंगमध्ये जाणं परवडलं, पण बापाची नोकरी गेली असती तर घर कसं चाललं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रमणकाकांच्या केबिनमध्ये गेलो. ते ताक पीत होते. मला बसा म्हणाले.

"मिला क्या?"

"मिला, काका." मी बसता बसता सांगितलं. "शाम को आप मेन बंद करते हो. कॉम्प्युटर उसी से बिगड़ता है."

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मैं बरसों से बंद करता हूँ," ते शांतपणे म्हणाले. "पंखा नहीं बिगड़ा. बत्ती नहीं बिगड़ी. डॉस भी नहीं बिगड़ा."

"डॉस नहीं बिगड़ता."

"तो फिर डॉस अच्छा. खराब चीज़ कौन-सी हुई?"

बिनतोड प्रश्न होता. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला विंडोजचे फायदे पाठ करायला लावले होते, त्यातला एकही इथे कामाचा नव्हता. खिडकीतून खालच्या खात्यातली जेट मशीनं दिसत होती. जेट म्हणजे मोठा बंद नळा. आत कापड उकळीच्याही वर तापलेल्या रंगाच्या पाण्यात, दाबाखाली फिरत असतं. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी तिकडे बोट केलं.

"काका, वो जेट अभी चालू है. अंदर कपड़ा है. मैं जाके उसका स्विच खींच दूँ तो?"

"पागल है क्या?" काका पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलले. "लॉट खतम हो जाएगा. पहले ठंडा करना पड़ता है, प्रेशर निकालना पड़ता है, कपड़ा बाहर लेना पड़ता है. बाद में स्विच."

"और पहले वो खुली वाली विंच थी, उसको?" विंच म्हणजे जेटच्या आधीचं मशीन, उघड्या हौदात कापड फिरवणारं.

"विंच तो कभी भी रोक लो. उसको क्या होता है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग जेटकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"एमां पण कापड होय छे?" ते हळूच म्हणाले. त्याच्याही आत कापड असतं?

"होता है, काका. रेसिपी का कपड़ा. वो मेंदी वाली रेसिपी अंदर ही थी."

काका हसले. "जेट लिया तब सब बोलते थे, काका, विंच में क्या तकलीफ है. ये देसाई ही सबसे आगे था." आणि लगेच गंभीर होऊन म्हणाले, "पर मेन तो मैं बंद करूँगा. वो नहीं छूटेगा."

"छोड़ना क्यूँ? बस पहले कपड़ा बाहर निकाल लो."

त्यांनी उज्ज्वलाला बोलावलं. ती आली आणि दाराशीच उभी राहिली.

"तने खबर हती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत करू शकत नव्हतो. तिने मान हलवली, हो.

"तो बोली केम नहीं?" मग बोलली का नाहीस?

"तमने कोण कहे, शेठ?" उज्ज्वला म्हणाली. सुरतच्या कॉलेजात शिकलेली, गुजराती अगदी स्वच्छ. तुम्हाला कोण सांगणार?

आता गेलीच हिची नोकरी, माझ्या मनात आलं. रमणकाकांनी मात्र रागावण्यासारखं काहीच केलं नाही. नुसती हाताने खूण केली, जा दोघं. माफी वगैरे काही नाही. शेठ लोकांना तो शब्द येत नाही असं नाही, पण तो गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात असतो.

फाइल परत आली नाही. पण मिलमध्ये प्रत्येक लॉटचा एक तुकडा कापून ठेवायची पद्धत असते. उज्ज्वलाने ते सगळे तुकडे काढले, एकेक स्पेक्ट्रोला लावला आणि रेसिपी नव्याने भरल्या. त्यात मास्तरांनी तिला मदत केली, हे मला सांगितलंच पाहिजे. कोणता तुकडा कोणत्या पार्टीचा हे ते पाठमोरे उभे राहूनही सांगायचे, आणि मध्येच "डॉस में ये दिन नहीं आता" असंही म्हणायचे. शनिवार आला आणि गेला. सकाळी निळा पडदा आला नाही. फोल्डिंगचा विषय कोणी काढला नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी प्रिंटरच्या कामासाठी मी संध्याकाळी तिकडे गेलो होतो. उज्ज्वला अजून जागेवरच होती. आता बंद करण्याचं काम तिच्याकडे आलं होतं, म्हणून ती उशिरा निघायची आणि सकाळी तेवढी उशिरा यायची. स्पेक्ट्रोवर एक मोतिया रंगाचा तुकडा होता. मोतिया आणि पांढरा यांच्यामध्ये इतकं थोडं अंतर असतं की मास्तरही तिथे जपून बोलतात.

रमणकाका जिना उतरून आले. पण थेट पेटीकडे गेले नाहीत. लॅबच्या दारात थांबले.

"बेन, बंद करुं?"

उज्ज्वलाने मानही वळवली नाही. तुकडा सरळ करता करता म्हणाली, "ना काका, थोभो. हजी कापड अंदर छे." थांबा, अजून कापड आत आहे.

मी प्रिंटर सोडून बघत राहिलो. मास्तरांनी पटकन स्टूल पुढे सरकवलं. रमणकाका त्यावर बसले. हातात गाडीची किल्ली, नजर पडद्यावर. तिचं काम झालं. पसारा आवरला गेला, नारिंगी अक्षरं आली. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो रंग त्यांना पाठ झाला होता. ते उठले, पेटीकडे गेले, चपला काढल्या, हात जोडले.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ सिस्टिमी टाकल्या. नवीन आल्या की जुन्यांची बाजू घेणारे सगळीकडे भेटले, आणि दर वेळी ते चुकीचेच होते असंही नाही. पण मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं. आता मशीन उघडायच्या आधी मी दोनच गोष्टी विचारतो. इथे संध्याकाळी मेन कोण बंद करतं? आणि त्याला "थांबा" म्हणायची मुभा कोणाला आहे? दुसऱ्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर मी टूलकिट बंद करतो आणि आधी शेठला भेटून येतो.